झोपायचं नाव न घेणाऱ्या पेशी

१४ मार्च, गुरुवार. सकाळी पाणी बारीक. इस्त्रीवाल्याने उशीचे दोन अभ्रे कमी आणले. विचारल्यावर पिशवीच्या तळाशी सापडले. दुपारी दादाला जनावरांच्या दवाखान्यात नेले. धाकटीला रजा घ्यावी लागली, कारण तो मला एकटीला आवरत नाही. डॉक्टरीणबाई तोंडाळ, पण हुशार वाटल्या. परत येताना धाकटी एक अक्षर बोलली नाही. आल्यावर जेवलीही नाही.

ही नोंद थोरल्या बहिणीच्या डायरीतली. दादा म्हणजे कुत्रा. दोघी बहिणींना भाऊ नव्हता, म्हणून पिल्लू घरी आलं त्या दिवशी धाकटीने त्याला दादा करून टाकलं आणि थोरलीने, नाइलाजाने, मानून घेतलं. थोरलीचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्र राहत होत्या. थोरली घर बघे, धाकटी नोकरी करी आणि दादा कोणाच्याच कामाला येत नसे.

धाकटीला घराबाहेर सगळे मावशी म्हणत. एका संशोधन संस्थेत तिसऱ्या मजल्यावर तिची खोली होती आणि तिथे ती पेशी वाढवी. कधीकाळी कोणा रुग्णाच्या गाठीतून काढलेल्या या पेशी. त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या प्लास्टिकच्या चपट्या बशांमध्ये नांदत आल्या होत्या. त्यांना पोषकपाणी घालायचं, माणसाच्या अंगाइतक्या ऊबेच्या कपाटात ठेवायचं, जुनं पाणी काढून नवं द्यायचं आणि फार दाटी झाली की त्यांची वाटणी करून नव्या बशांत बिऱ्हाडं मांडून द्यायची. "एकत्र कुटुंबाची वाटणी भांडणाशिवाय करून देणारी मी एकटीच," असं ती म्हणे. निम्मं आयुष्य तिने यात घातलं होतं.

खोलीत तिचा धाक मोठा. अत्तर लावून आलेल्या मुलीला ती दारातूनच परत पाठवी. उघड्या बशीवर बोललेलं तिला खपत नसे. "मावशींच्या खोलीत शिंकायचं असेल तर आदल्या दिवशी अर्ज द्यावा लागतो," असं विद्यार्थी एकमेकांना सांगत. पण कोणाच्या पेशी मरायला टेकल्या की तेच विद्यार्थी रडवेले होऊन तिच्याकडे येत आणि ती दोन शिव्या देऊन त्या वाचवून देई.

तिची एक सवय होती. पोषकपाण्याची बाटली कोमट पाण्याच्या टबातून काढली की आई बाळाच्या दुधाची बाटली बघते तशी ती उजव्या हाताची बाही सारून मनगटाच्या वर, आतल्या बाजूला टेकवून बघायची. टबाला तापमापक होता. तो तिला पटत नसे. "त्याला काय कळतंय," म्हणायची, आणि मग बाही खाली ओढून, हातमोजे चढवून कामाला लागायची.

ज्या मुलीमुळे ही गोष्ट घडली तिला सगळे शिडी म्हणत. ती इतकी उंच होती की वरच्या फळीवरच्या बाटल्या काढायला तिला स्टूल लागत नसे. हुशार मुलगी, पण हात दगडाचे. स्वतःच्या पेशींना पाणी घालायला गेली की धार अशी सोडायची की निम्म्या पेशी वाहून जायच्या. म्हणून तिच्या सगळ्या बशा मावशीच सांभाळी.

एका रविवारी ती या बहिणींकडे चहाला आली, तेव्हा थोरलीने तिला विचारलं, "तू नक्की करतेस काय, ते मला समजेल असं सांग. आमची ही नुसतं 'पेशी, पेशी' करते."

शिडीने बिस्किटांची बशी पुढे ओढली. "आजी, ही पेशी समजा. हिच्यात छोट्या छोट्या भट्ट्या असतात. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. पेशीला लागणारी सगळी शक्ती तिथे तयार होते. आता प्रत्येक भट्टीला दुहेरी भिंत असते आणि दोन भिंतींच्या मधे फट असते. त्या फटीत वाकडीतिकडी, नीट घडी न पडलेली प्रथिनं साचली की भट्टी कोंदते. पेशी ताणाखाली येते."

"मग?"

"मग कोणीतरी उठून साफसफाई करायला हवी. आणि उठतो कोण, तर इस्ट्रोजेनचा रिसेप्टर."

"इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं ते हार्मोन?"

"हो. रिसेप्टर म्हणजे त्याची वाट बघत बसलेला पहारेकरी. हार्मोन आलं की हा जागा होतो आणि पेशीला कामाचे हुकूम सोडतो. पण भट्टी कोंदली की हार्मोन आलेलं नसतानाही तो जागा होतो, असं दिसतंय. आणि केरकचरा काढणारी यंत्रणा वाढवा म्हणून सांगतो. मला तेच पक्कं करायचंय."

थोरलीने जरा विचार केला. "म्हणजे बेल न वाजवताच उठतो."

"घरात धूर झाल्यावर बेल कशाला लागते, ताई?" मावशी म्हणाली.

"तुझ्याशी नाही बोलत मी. आणि हे कळतं कसं तुम्हाला, तो जागा झाल्याचं?"

"पेशींत एक दिवा बसवलाय," शिडी म्हणाली. "रिसेप्टर जागा झाला की तो लागतो. डोळ्याला नाही दिसत, यंत्रावर आकडा येतो. पण एक अट असते, आजी. हार्मोन नसताना जागा झाला असं म्हणायचं तर त्या बशीत हार्मोनचा लवलेश चालत नाही. म्हणून आम्ही कोळशातून गाळून हार्मोन काढून टाकलेलं पोषक वापरतो. एरवी त्या पाण्यात गुलाबी रंग असतो, तोही काढून टाकतो. कारण तो रंगसुद्धा थोडासा हार्मोनसारखा वागतो."

"इतकं सोवळं," थोरली म्हणाली, आणि बिस्किटांची बशी रिकामी झालेली बघून डबा आणायला उठली.

त्या वेळी शिडीचं सगळं छान चाललं होतं. भट्ट्या कोंदलेल्या बशांत दिवे लागत, बाकीच्या बशा काळोखात गप्प झोपून राहत. मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, शोधनिबंध लिहायला घे म्हणून सांगितलं. फक्त सगळं पुन्हा एकदा करून बघ, म्हणाल्या. आणि पुन्हा करायला घेतलं तिथे घोडं पेंड खायला लागलं. ज्या बशांनी झोपून राहायचं, त्या झोपायचं नाव घेईनात. ताण नाही, हार्मोन नाही, आणि तरी दिवे लागलेले. सगळ्याच बशा जाग्या, मग ताणामुळे जागं कोण झालं हे सांगणार कसं?

मावशीने कंबर कसली. पाण्याचा फिल्टर बदलायला लावला. पोषकाची नवी खेप मागवली. बशांच्या प्लास्टिकवर संशय घेतला आणि दुसऱ्या बनावटीच्या बशा आणवल्या. शेवटी तिने काच धुणाऱ्या काकांना धरलं. काका तळमजल्यावर बाटल्या धूत. शांत, सुपारीएवढं बोलणारा माणूस.

"काका, साबणाचा अंश राहतोय तुमच्या बाटल्यांना. काही साबण हार्मोनसारखे वागतात, ठाऊक आहे ना?"

"साबण तोच आहे, मावशी."

"मग हात बदललाय का?"

काकांनी हातातली बाटली पुन्हा नळाखाली धरली. त्या दिवसापासून ते प्रत्येक बाटली पूर्वीपेक्षा दुप्पट वेळा खळबळू लागले. त्यांच्या बोटांची सालं निघाली. बशा तरीही जाग्याच.

मॅडमचा धीर सुटत चालला. "पहिले आकडेच योगायोगाने आले असतील तर?" असं त्यांनी एकदा विचारलं. मग येत्या सोमवारच्या बैठकीत शिडीला दुसरा विषय द्यायचं त्यांनी ठरवलं. शिडीने ते मावशीला सांगितलं आणि तिच्याच खुर्चीवर बसून ढसाढसा रडली. मावशीने तिला रडू दिलं, पण उघड्या बशीपासून जरा लांब सरकवून.

याच दिवसांत मावशीच्या स्वतःच्या अंगात काय चाललं होतं, ते फक्त थोरलीला माहीत होतं. पाळी बंद होऊन वर्ष होत आलं होतं. गरम वाफा मानेवरून वर चढत, कपडे ओलेचिंब होत, झोप म्हणून नव्हती. एकदा तिने पेशींच्या बशा ऊबेच्या कपाटाऐवजी फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या पाहून स्वतःला इतकं घालूनपाडून बोलली की थोरलीने तिला हाताला धरून बायकांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासण्या केल्या, रोज एक गोळी दिली आणि हाताला चोळायचं एक जेल दिलं. मावशी रोज सकाळी आंघोळीनंतर ते दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला चोळी. महिन्याभरात ती माणसात आली. झोपली, हसली, दादाला फिरायला नेऊ लागली.

त्या जेलमध्ये इस्ट्रोजेन होतं, हे तिला अर्थातच माहीत होतं. संस्थेत हा शब्द दिवसाकाठी शंभर वेळा कानावर पडे. पण ते सगळं पेशींचं इस्ट्रोजेन. आपल्या अंगाला आपण ते चोळतो हे तिथे कोणाला सांगायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. घरातली गोष्ट घरात, कामाची गोष्ट कामात. दोन्ही गोष्टी एकाच हातावर आहेत हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ते दादामुळे आलं.

त्या गुरुवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दादाला उताणा केला, पोट चाचपलं आणि चष्मा वर केला. "हा नर आहे ना?"

"आमच्या माहितीप्रमाणे," थोरली म्हणाली.

"त्याच्याही माहितीप्रमाणे असावा. पण सगळी थानं सुजलीत. घरात कोणी हार्मोनचं मलम, जेल असं काही लावतं का? हाताला वगैरे?"

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी स्वतःच्या हाताकडे बघत होती.

"हा हात चाटतो का कोणाचा?"

"रोज," थोरली म्हणाली. "हिचे. ही पेपर वाचते तेव्हा हनुवटी हातावर टाकून बसतो आणि चाटत राहतो. तिला वाटतं, प्रेम आहे."

"प्रेमही असेल. पण जेल मांडीला लावा आणि वर काहीतरी घाला. महिन्याभरात उतरेल. घाबरायचं कारण नाही." मग दादाला थोपटत त्या म्हणाल्या, "काय रे बाबा, उगाच बाईपणाचे भोग."

थोरली वाटभर मनातल्या मनात हसत होती. धाकटीला मात्र दरदरून घाम फुटला होता, आणि या वेळी तो वयाचा नव्हता. उजव्या हाताची आतली बाजू. कोमट बाटली. बाटलीवरून हातमोज्यांना. आणि हातमोजे, बाटल्या, सगळं ती वरचेवर स्पिरिटने भिजवी. स्पिरिटने जंतू मरतात, पण हार्मोन त्यात छान विरघळतं. ओल्या बाटलीवरून ओघळलेला एखादा थेंब तिच्या तोंडाशी गेला तरी पुरे. त्या पेशींना तर नावापुरतं मिळालं तरी दिवे लागतात.

शनिवारी सकाळी तिने थोरलीला सगळं सांगितलं. थोरली आधी पोट धरून हसली, मग धाकटीचा चेहरा बघून थांबली.

"आता काय करणार?"

"जेल मांडीला लावीन. बाटली हाताला टेकवणार नाही. बशा आपोआप झोपतील. कोणाला काही कळायचं नाही."

"मग तोंड असं का केलंयस?"

मावशीने उजव्या हाताची बाही खाली ओढली. मग म्हणाली, "सोमवारी शिडीचा विषय बंद होतोय. बशा आता झोपल्या तरी का झोपल्या हे कोणी सांगू शकणार नाही. का बिघडलं ते कळलं नाही, तर आधी बरोबर आलेलंही कोणी धरत नाही. मॅडम म्हणतील, हिच्या पेशी लहरी आहेत."

"म्हणजे सांगावं लागेल."

"सगळ्यांसमोर? त्या टिकलीएवढ्या पोरांसमोर? मुलींना अत्तरावरून दारातून हाकलणारी मी. आणि काकांना काय काय बोलले, ताई."

"आपल्या काळात हा शब्द आईपुढेसुद्धा काढता यायचा नाही," थोरली म्हणाली. "पण तू तर पोटापाण्यासाठी हाच शब्द घेऊन बसलीयस की. काय लाजतेस."

सोमवारी बैठक सुरू व्हायच्या आधी मावशी तळमजल्यावर गेली आणि काकांना वर घेऊन आली. "मला का?" काका विचारत राहिले. "बसा हो," तिने त्यांना स्वतःच्या शेजारी बसवलं. शिडी कोपऱ्यात, डोळे सुजलेले. मॅडम कागद चाळत होत्या.

"मॅडम, आधी मी बोलते," मावशी म्हणाली. "बशांत हार्मोन जातंय. ते माझ्यामुळे. मला पाळी गेल्याचा त्रास होतो, म्हणून मी हाताला इस्ट्रोजेनचं जेल लावते. आणि बाटली हाताला टेकवून बघते. काकांच्या साबणाचा काही दोष नव्हता. मी त्यांना उगाच बोलले."

मागे बसलेला एक विद्यार्थी खाकरला, आणि मावशीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने खोकला गिळला.

मॅडमनी चष्मा काढला. "हे केव्हापासून?"

"दुसऱ्या खेपेच्या थोडं आधीपासून."

"कुठल्या हाताला टेकवता?"

"उजव्या."

मॅडम उठल्या. त्यांनी मावशीच्या खोलीतल्या बाटलीचा खांदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घेतला. पेशींच्या काही बशा दुसऱ्या प्रयोगशाळेतून मागवल्या. मावशीचा हात न लागलेल्या, झोपलेल्या. त्या बोळ्याचा अर्क त्यांना दिल्यावर दुसऱ्या दिवशी दिवे असे लागले की यंत्राचा आकडा कागदाच्या वर गेला. तो बघायला काकांसकट सगळे जमले होते.

"मावशी, तुमच्या हातात जादू आहे असं मी नेहमी म्हणायचे," मॅडम म्हणाल्या. "त्यात काय आहे ते आज कळलं." मग खुर्ची जवळ ओढून त्यांनी आवाज उतरवला. "मला कोणता डॉक्टर बघावा लागेल ते तुम्हाला नंतर विचारते. सध्या एवढं सांगा, काही दिवस जेल बंद ठेवता येईल का? शिडीचं काम होईपर्यंत."

सगळ्यांना वाटलं, मावशी हो म्हणणार. पेशींसाठी तिने सणवार, लग्नकार्यं, आजारपणं, सगळं बाजूला सारलेलं सर्वांनी बघितलं होतं.

"नाही," मावशी म्हणाली. "मी आता कुठे झोपायला लागलेय. बंद केलं तर पुन्हा बशा फ्रिजमध्ये ठेवीन. आणि जागा बदलून लावलं तरी या कामात माझ्या हाताचा भरवसा कोणी धरू नये. बाकीच्या सगळ्या पेशी मी बघते. या तेवढ्या शिडी बघेल."

"मी?" शिडी किंचाळली. "मावशी, मी मारीन त्यांना."

"मारशील. मग पुन्हा वाढव."

काका निघताना तिच्यापाशी थांबले. "दोनदाच खळबळायचं ना आता?"

"पूर्वी करत होता तसंच, काका."

"बरं," काका म्हणाले. मग जरा जवळ येऊन, "आमच्या घरीही हाच त्रास आहे. त्या जेलचं नाव द्याल का लिहून?"

मावशीने तिथेच कागद मागून नाव लिहून दिलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही हं," असंही बजावलं.

मग शिडीची शिकवणी सुरू झाली. दुसऱ्या टोकाची एक छोटी खोली पुसून घेतली, नव्या बाटल्या आल्या. मावशीला आत जायची बंदी. ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसे आणि काचेतून ओरडे.

"कडेने सोड. कडेने गं. भिंतीवरून ओघळू दे. झाडाला पाणी घालतेस का पाइपने?"

"कडेनेच सोडतेय."

"तुझी कड आणि माझी कड वेगळी दिसते. बशी तिरकी धर. आता श्वास घे. तुझा, पेशींचा नाही."

पहिली खेप वाहून गेली. दुसऱ्या खेपेत बुरशी आली, कारण शिडी बशीवर वाकून पेशींची माफी मागत होती. "गयावया बाहेर येऊन करायची," मावशी म्हणाली. कधी कधी तिचा हात आपोआप दाराच्या मुठीवर जाई. मग ती दोन्ही हात बगलेत दाबून बसे. हळूहळू शिडीची धार बारीक झाली. बाटली बाहेर काढली की ती मुकाट्याने तापमापक बघे, आणि मावशी दुसरीकडे.

तिसरी खेप जगली. निम्म्या बशांत भट्ट्या कोंदवल्या, निम्म्या तशाच ठेवल्या. ज्या दिवशी यंत्रावर आकडे यायचे होते त्या दिवशी मावशीने आपल्या खोलीत दुसऱ्याच कोणाच्या पेशींची वाटणी काढली आणि एकच बशी चारदा पुसली.

शिडी दारात आली. आत यायला बंदी नव्हती, तरी उंबऱ्यावरच उभी राहिली.

"बोल की."

"झोपल्यात, मावशी. साध्या बशा सगळ्या झोपल्यात. गाढ."

"आणि कोंदलेल्या?"

"जाग्या. हार्मोन नाही, काही नाही, तरी जाग्या. पहिल्यांदा आले होते तसेच आकडे." तिने बाहीने नाक पुसलं. "ते खरं होतं, मावशी."

मावशीने हातातली बशी कपाटात ठेवली, कपाटाचं दार नीट लागलंय का ते बघितलं. मग हातमोजे काढून ती शिडीपाशी गेली. तिच्या डोक्यापर्यंत हात पोचत नव्हता, म्हणून तिने तिच्या कोपरावर थोपटलं.

"सगळ्या तू वाढवलेल्या," ती म्हणाली. "चल, मॅडमना सांगू. आणि कुठे वाकून रडू नकोस, बशा उघड्या आहेत माझ्या."

घरी आल्यावर थोरलीने दारातच विचारलं, "काय झालं?"

"झालं. पोरीचं झालं." मावशी चपला काढून खुर्चीवर बसली. "आता माझी गरज नाही तिला."

"वाईट वाटतंय?"

"थोडं." मावशीने पाय लांब केले. "भूक मात्र सपाटून लागलीय."

दोघी जेवल्या. मावशी बसल्या जागी पेंगायला लागली, तशी थोरलीने तिला आत पाठवलं, ताटं विसळली आणि डायरी उघडली. तारीख, वार घातला. शिडीच्या बशांबद्दल चार ओळी लिहिल्या. मग खाली लिहिलं: पुढच्या खोलीचे पडदे धुवायला काढले. डावीकडच्या पडद्याच्या दोन कड्या तुटल्या आहेत.